घरात आलेली कचेरी आणि आपली तब्येत



गेल्या पावसाळ्यात उत्तर नागपुरातील एक मुलगी दवाखान्यात आली. वय सव्वीस. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारच्या दोन बोटांना मुंग्या यायच्या. रात्री त्यानेच जाग यायची, हात झटकला की जरा बरे वाटायचे. मान आखडलेली, डोळे लाल. मी विचारले, "काम कुठे बसून करतेस?" ती म्हणाली, "पलंगावर, मॅडम. दुसरीकडे जागाच नाही."

घर दोन खोल्यांचे. आई, बाबा, आजी आणि स्पर्धा परीक्षेचा अभ्यास करणारा भाऊ. भाऊ टेबलाशी बसतो, कारण त्याची परीक्षा आहे. घर जिच्या पगारावर चालते ती मात्र लॅपटॉप मांडीवर घेऊन नऊ-दहा तास पलंगावर. आईने मिक्सर लावला की हिने माइक बंद करायचा. मी काही बोलायच्या आत तीच म्हणाली, "पण मला घरून काम नको, असं लिहून देऊ नका. पुण्याला परत बोलावलं तर अर्धा पगार खोलीभाड्यात आणि खानावळीत जाईल."

तिचे बरोबर होते. म्हणून या महिन्याच्या आरोग्य पानावर घरून काम करावे की करू नये असा वाद मी घालणार नाही. ज्यांना करायचे आहे, त्यांनी ते शरीर आणि मन शाबूत ठेवून कसे करावे, एवढेच सांगणार आहे.

फायदे खरे आहेत

बदलापूर किंवा विरारहून लोकलने मुंबईला जाणाऱ्याचे रोज तीन-चार तास प्रवासात जातात. ते तास वाचले तर झोप वाढते, घरचे ताजे जेवण मिळते. कामावर निघालेल्या कितीतरी बाया वाटेत स्वच्छ संडास नाही म्हणून दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मग लघवीच्या जळजळीची तक्रार घेऊन येतात. घरी तो प्रश्न बराच सुटतो. (सार्वजनिक संडास असलेल्या चाळीत आणि वस्तीत सुटत नाही, हेही खरे.) अपंग व्यक्तीला, गरोदर बाईला, अंथरुणाला खिळलेल्या वडिलांची सेवा करणाऱ्या मुलाला घरून काम म्हणजे नोकरी टिकण्याचा एकमेव मार्ग असू शकतो.

विदर्भातील आपल्या लोकांसाठी आणखी एक मुद्दा आहे. सिकलसेल हा आजार आदिवासींप्रमाणेच आपल्या समाजातही आढळतो. या रुग्णाला ऊन, कडाक्याची थंडी, अतिश्रम आणि शरीरातले पाणी कमी होणे, या चारही गोष्टी त्रासाच्या. मे महिन्यात नागपूरच्या उन्हात दोन बस बदलून कामावर जाण्यापेक्षा घरी सावलीत बसून काम करणे त्याला केव्हाही चांगले. मात्र पाण्याची बाटली समोर हवी आणि कुलरचा झोत थेट अंगावर नको. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्या "आता घरीच तर आहे" म्हणून सोडू नयेत. हातपाय किंवा छाती दुखू लागली, ताप आला, धाप लागली तर मीटिंग संपायची वाट न पाहता दवाखाना गाठावा.

आजीचे सूप

मार्च 2020 मध्ये टाळेबंदी लागली तेव्हा 'वर्क फ्रॉम होम' हा जणू नवा शोध लागल्यासारखी चर्चा झाली. मला तेव्हा हसू आले. कामठी, नागपूर, भंडारा, गोंदियाच्या वस्त्यांतल्या बाया पिढ्यान्‌पिढ्या घरूनच काम करत आल्या. त्या विड्या वळत होत्या. माझी आजी त्यांतलीच एक. मांडीवर सूप, सुपात कातरलेली तेंदूची पाने आणि तंबाखू, बोटांत दोरा. मान खाली ती सकाळपासून दिवेलागणीपर्यंत. मजुरी हजार विड्यांवर. ठेकेदार ज्या विड्या खराब म्हणून बाजूला काढी, त्यांचा पैसा नाही. आम्ही पोरे शाळेतून आलो की दोरा बांधायला बसायचो. आजीचा हिशेब कधीच आठ तासांचा नव्हता, तो हजाराचा होता.

मालकाला जागेचे भाडे नाही, दिव्याचा खर्च नाही, बाईच्या खोकल्याचे औषध नाही. सगळे घराने सोसायचे. या विडी कामगारांना संघटित करणारे कामठीचे बाबू हरदास एल. एन., ज्यांनी 'जयभीम' हा अभिवादनाचा शब्द आपल्याला दिला, ते 1939 साली क्षयाने गेले. वय जेमतेम पस्तीस. घरी बसून विडी वळणारी बाईसुद्धा कामगारच आहे हे मान्य करणारा विडी कामगारांचा कायदा व्हायला 1966 साल उजाडले. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने घरून काम करणाऱ्या सर्वांसाठी 1996 मध्ये वेगळा करार केला, पण भारताने त्याला अजून मान्यता दिलेली नाही.

लॅपटॉप घेऊन बसलेली नात आणि सूप घेऊन बसलेली आजी यांच्या पगारात जमीन-अस्मानाचा फरक आहे. मानेचा कोन मात्र तोच आहे. म्हणून कुठलेही काम घरी आणण्याआधी विचारावे : वीज आणि इंटरनेटचा खर्च कोण देणार? काम कधी संपले असे धरायचे? त्रास झाला तर सांगायचे कोणाला? मुंबईच्या वस्त्यांत नकली दागिन्यांना खडे चिकटवणाऱ्या, शिलाईचे नग आणणाऱ्या, पापड लाटणाऱ्या भगिनींनाही हेच लागू आहे. आणि ज्या घरांत आजही विड्या वळल्या जातात तिथे एवढे तरी करावे : दाराजवळ किंवा खिडकीपाशी बसावे, तान्हे मूल जवळ निजवू नये, काम संपल्यावर साबणाने हात धुऊनच स्वयंपाकाला लागावे. तंबाखू नुसती ओढल्यानेच अंगात जाते असे नाही, ती कातडीतूनही भिनते. चक्कर आणि मळमळ त्यानेही होते. गरोदरपणी तर हे काम टाळलेलेच बरे.

पाठ, मान, डोळे

आता मूळ दुखण्याकडे येऊ. पलंग ही काम करायची जागा नव्हे. गादीवर कंबर खचते, पाठीचा कणा धनुष्यासारखा वाकतो, लॅपटॉप खाली असल्यामुळे मान पुढे झुकते. डोक्याचे वजन साधारण पाच किलो असते. मान जितकी पुढे झुकेल तितका तो भार मानेच्या स्नायूंवर वाढत जातो. वाकवलेले मनगट तासन्‌तास तसेच राहिले तर तिथून जाणारी नस दाबली जाते आणि अंगठ्यासह पहिल्या तीन बोटांना मुंग्या येतात. मधुमेह, थायरॉइड किंवा गरोदरपण असेल तर हा त्रास लवकर होतो.

यावर पंधरा हजारांची खुर्ची हा आपला उपाय नाही. आपल्या घरात भिंत आहे, पाट आहे, चौरंग आहे. जमिनीवर बसायचे असेल तर पाठ भिंतीला टेकवावी आणि कमरेमागे चादरीची गुंडाळी ठेवावी. बुडाखाली घडी घातलेले ब्लँकेट घ्यावे, म्हणजे गुडघे कमरेपेक्षा खाली राहतात आणि कणा आपोआप सरळ होतो. चौरंगावर जाड पुस्तके रचून लॅपटॉप इतका वर आणावा की पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत येईल. मग हात वर धरून टाइप करता येत नाही, म्हणून वेगळा कीबोर्ड आणि माऊस घ्यावा. दोन्ही मिळून साधारण हजार रुपयांत येतात आणि हा खर्च मला सर्वांत आवश्यक वाटतो. कोपर काटकोनात, खांदे सैल, मनगट सरळ. गुडघे दुखणाऱ्यांनी टेबल-खुर्चीच वापरावी. पाय जमिनीला टेकत नसतील तर खाली दोन विटा ठेवाव्यात. फोनवर बोलताना मोबाइल कान आणि खांद्यात दाबून धरू नये.

बसण्याची पद्धत कितीही चांगली असली तरी सतत बसणे वाईटच. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे आणि पडणे अशा शरीराच्या चार अवस्था सांगून प्रत्येकीत सजग राहायला सांगितले आहे. घरून काम करणारा दिवसभर त्यातल्या एकाच अवस्थेत अडकतो. अंगुत्तर निकायात चंक्रमणाचे, म्हणजे चालत ध्यान करण्याचे, पाच लाभ सांगितले आहेत. प्रवास झेपतो, कष्ट सोसतात, आजार दूर राहतो, खाल्लेले नीट पचते आणि चित्ताची एकाग्रता टिकते. बोधगयेला गेलेल्यांनी महाविहाराच्या बाजूचा चंक्रमणाचा चौथरा पाहिला असेल. बोधी मिळाल्यावरही तथागत नुसते बसून राहिले नाहीत, चालले.

वैद्यकशास्त्र यापेक्षा वेगळे काही सांगत नाही. दर अर्ध्या तासाने उठून दोन-तीन मिनिटे चालावे. फोनवरचे बोलणे उभ्याने करावे. जेवल्यावर लगेच पडद्यापुढे न बसता दहा-पंधरा मिनिटे गल्लीत फेरी मारावी, रक्तातली साखर त्याने खाली राहते. आपल्याकडे मधुमेह कमी वयात आणि फारसे जाड नसलेल्यांनाही गाठतो. म्हणून वजनाच्या काट्यापेक्षा शिंप्याची टेप जास्त खरे सांगते : पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटरच्या आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली की सावध व्हावे. घरी स्वयंपाकघर दोन पावलांवर असते. दर तासाला चहा आणि सोबत चिवडा-बिस्किटे असा हिशेब मांडून पाहा, संध्याकाळपर्यंत साखरेचे किती चमचे पोटात जातात ते कळेल. तिशी ओलांडलेल्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात मोफत होते. वर्षातून एकदा करून घ्यावी.

डोळ्यांचे थोडक्यात सांगते. पडद्याकडे पाहताना पापणी कमी लवते, त्यामुळे डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांपलीकडे पाहावे, असा साधा नियम आहे. आपल्या खोलीत वीस फूट अंतर कुठून येणार? दारात उभे राहून समोरचा कडुलिंब पाहावा. उजेड पाठीमागून पडद्यावर पडू देऊ नये. चाळिशीनंतर डोके दुखत असेल तर आधी चष्म्याचा नंबर तपासावा, मग गोळ्या घ्याव्यात.

घरी असलेली बाई मोकळी नसते

सुनेने घरून काम सुरू केले की घरातले एक वाक्य ठरलेले : "घरीच तर असते." म्हणजे कुकर तिने लावायचा, पाणी आले तर तिने भरायचे, पाहुणा आला तर तिनेच उठायचे. केंद्र सरकारच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार घरकाम करणारी बाई त्यात दिवसाला सरासरी 289 मिनिटे घालवते, तर घरकामाला हात लावणारा पुरुष 88 मिनिटे. यात नोकरीचे तास नाहीत. ते वेगळे. माझ्याकडे कंबरदुखी, अपुरी झोप आणि चिडचिड घेऊन येणाऱ्या कित्येक भगिनींचे रक्त तपासून काही निघत नाही. त्यांचा दिवस तपासला की सगळे निघते.

1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेब कामगार स्त्रीच्या प्रसूती रजेच्या बाजूने बोलले होते. बाईला विश्रांती मिळावी ही त्यांनी दयेची गोष्ट मानली नाही, ते सगळ्या देशाच्या हिताचे मानले. 2017 च्या कायदा दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा 26 आठवड्यांची झाली. काम घरून करण्याजोगे असेल तर त्या रजेनंतर मालकाशी ठरवून घरून काम करण्याची तरतूदही तिच्यात आली. पण घरून काम हा रजेला पर्याय नाही. बाळंतपणानंतर पंधराव्या दिवशी लॅपटॉप उघडणारी मुलगी कौतुकाची नाही, काळजीची आहे. तिच्या सासरच्यांना माझी विनंती : बाळ रडले की आधी घरच्या पुरुषाने उठून बघावे.

अठरा तासांचा प्रश्न

14 एप्रिलला ठिकठिकाणी सलग अठरा तास अभ्यासाचा उपक्रम होतो. वर्षातून एक दिवस अभिवादन म्हणून तो जरूर करावा. पण "बाबासाहेब अठरा तास काम करायचे, मग मी का नाही?" असे म्हणत रोज रात्री दोनपर्यंत बसणारी मुले मी पाहते तेव्हा मला त्यांना बाबासाहेबांच्या चरित्राचे दुसरे पानही दाखवावेसे वाटते. राजगृहात काय आणि दिल्लीत काय, बाबासाहेबांचे बरेचसे काम घरीच, पुस्तकांच्या गराड्यात चाले. त्याची किंमत शरीराने मोजली. संविधानाच्या मसुद्याच्या काळात त्यांना मधुमेहासाठी इन्सुलिन घ्यावे लागे, पायांच्या दुखण्याने रात्र रात्र झोप नसे. 1956 मध्ये ते गेले तेव्हा पासष्ट वर्षांचे होते. त्यांच्यापुढे काळ थोडा होता आणि करोडोंचे ओझे होते. आपल्यापुढे तिमाही टार्गेट असते.

आणि याच बाबासाहेबांनी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री असताना कारखाने कायद्याची दुरुस्ती मांडून आठवड्याचे 54 तास 48 वर आणले. स्वतः तास न मोजणाऱ्या माणसाने कामगाराचे तास मोजून घेतले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय श्रम संघटना यांनी 2021 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार, आठवड्याला 55 किंवा अधिक तास काम करणाऱ्याला 35 ते 40 तास काम करणाऱ्याच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका 35 टक्क्यांनी आणि हृदयविकाराने मरण्याचा धोका 17 टक्क्यांनी जास्त असतो.

घरून काम करताना तास मोजणे अवघड जाते, कारण निघायची बस नसते. म्हणून निघण्याची काहीतरी खूण लागते. काम संपले की लॅपटॉप बॅगेत भरून कपाटात ठेवावा, कपडे बदलावेत, बाहेर एक चक्कर मारावी. सोण नावाच्या भिक्खूची गोष्ट विहारात ऐकलेली असेल. चालून चालून त्याच्या पायांतून रक्त आले, तेव्हा भगवंतांनी त्याला त्याच्या जुन्या वीणेची आठवण दिली. तार फार ताणली तर सूर लागत नाही, फार सैल सोडली तरी लागत नाही. घरून काम करणाऱ्याची तार दोन्हीकडे बिघडते. दुपारी लोळत मोबाइल आणि रात्री बारापर्यंत काम, असेही मी पाहते. रात्रपाळी असेल तर दिवसा झोपण्यासाठी खिडकीला जाड काळा कपडा लावावा आणि त्या वेळेत टीव्ही लावायचा नाही असे घरात ठरवून घ्यावे.

भिंतीवरचा फोटो

एका तरुणाने मला सांगितलेली गोष्ट. घरून मीटिंग करताना तो नेहमी मागची भिंत धूसर करतो. मी म्हटले, "पसारा दिसतो म्हणून?" तो म्हणाला, "नाही, मागे बाबासाहेबांचा फोटो आहे. बुद्धरूप आहे. टीममध्ये आडनावावरून आधीच विचारून झालंय. आता घरही कशाला दाखवू?"

कार्यालयातले टोमणे, डब्यावरून आणि आडनावावरून होणारी चौकशी घरी बसल्याने टळते. हा फायदा कुठल्या अहवालात येत नाही, पण आपल्या मुलांना तो चांगला ठाऊक आहे. तरीही सतत काहीतरी झाकून ठेवण्याचा ताण मनावर राहतो आणि तो सांगायला शेजारच्या टेबलावर कोणी नसते. कार्यालयात निदान एखादा जयभीमवाला भेटतो, चहाला जाता येते. घरात माणूस दिवस दिवस एकटा पडतो, घर भरलेले असले तरी. तो फोटो दाखवावा की झाकावा हे मी त्या तरुणाला सांगितले नाही. ते त्याने ठरवायचे. एवढेच सांगितले की रविवारी विहारात ये, वंदनेनंतर तासभर बस, आणि टीमव्यतिरिक्त दोन माणसांशी रोज पाच मिनिटे तरी बोल.

दोन आठवड्यांहून जास्त दिवस झोप उडाली असेल, कशातच मन लागत नसेल, जीव नकोसा वाटत असेल तर शासनाची टेलिमानस ही मोफत सेवा 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मिळते आणि तिथे मराठीतून बोलता येते. काही घरांत चोवीस तास एकत्र असण्याचा अर्थ चोवीस तास मार असा होतो. अशा भगिनींनी 181 हा क्रमांक पाठ करून ठेवावा.

पुढील लक्षणे आढळली तर घरगुती उपायांवर थांबू नये : हातातली वस्तू निसटणे, बोटांचा बधिरपणा आठवडाभरात कमी न होणे, कंबरेपासून पायात उतरणारी कळ, लघवी-संडासवरचा ताबा जाणे (यात त्याच दिवशी रुग्णालयात जावे), एका बाजूचे तोंड किंवा हात-पाय लुळे पडणे (यात एक मिनिटही घालवू नये), आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकणारा खोकला. खोकल्याचे मुद्दाम सांगते, कारण बंद खोलीत सगळे घर दिवसभर एकत्र असते. क्षयाची थुंकी-तपासणी आणि औषधे सरकारी दवाखान्यात मोफत आहेत.

त्या मुलीला मनगटासाठी रात्री बांधायचा पट्टा दिला, मानेचे व्यायाम शिकवले आणि तिच्या भावाला बोलावून घेतले. आता सकाळी दहा ते सहा टेबल तिचे आणि सहानंतर त्याचे. दिवसा तो जवळच्या वाचनालयात बसतो. दीड महिन्यात तिच्या मुंग्या थांबल्या. मान अजून अधूनमधून दुखते, व्यायाम चालू आहेत.